हाताला साडेसात बोटे

आमच्या वडनेर भोलजीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या इतिवृत्तात शालूबाईंचे नाव दोन ठिकाणी आले आहे. एकदा अर्जदार म्हणून, आणि त्यानंतर बरोबर सतरा दिवसांनी ठराव क्रमांक चारमध्ये. दोन्ही नोंदी माझ्या हस्ताक्षरात आहेत. मधल्या सतरा दिवसांत जे घडले ते इतिवृत्तात लिहिण्याजोगे नव्हते. परंतु ते कोठेच लिहिले न जाणे मला बरे वाटत नाही. वाचनालयाचा चिटणीस या नात्याने अपुऱ्या नोंदी मला आवडत नाहीत.

शालूबाई शिवणकाम करतात. गावात त्यांना ‘ब्लाउजवाली शालूबाई’ असे म्हणतात. त्या ब्लाउजांखेरीज परकर, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रेही शिवून देतात, एकदा तर त्यांनी बैलाची झूलही शिवली, तरी नाव तेच चिकटले आहे. वय सेहेचाळीस. बांधा किरकोळ, आवाज मात्र दोन घरे ओलांडून जाणारा. बोलताना तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तरी त्यांचे बोलणे थांबत नाही, आणि आजवर एकही टाचणी गिळली गेलेली नाही, हे मी स्वतः पाहिलेले आश्चर्य आहे. त्यांचे दुकान म्हणजे घराचा व्हरांडा. दुपारी दोनला तेथे ऊन येते. मग त्या शिलाईयंत्र ओढत पूर्वेच्या भिंतीशी नेतात आणि पाचला पुन्हा जागेवर आणतात. गेली एकोणीस वर्षे हे यंत्र दिवसातून दोनदा असा प्रवास करीत आले आहे.

त्यांचे माहेर सोनाळ्याचे. माझ्या नोकरीची पहिली सोळा वर्षे मी तेथेच काढली, त्यामुळे नववी-दहावीत त्या माझ्या वर्गात होत्या. भूमितीत त्या कोनमापकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा आकड्यांच्या दोन ओळींत हमखास गोंधळत. साठ अंशांच्या जागी एकशेवीस आणि चाळीसच्या जागी एकशेचाळीस. एकदा मी वैतागून भर वर्गात म्हणालो होतो की, शालू, कोन हे तुझे काम नव्हे. मी हे विसरून गेलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. दहावीला गणितात त्यांचे चार गुण कमी पडले आणि शाळा संपली. पुढे लग्न होऊन त्या वडनेरला आल्या, आणि काही वर्षांनी बदली होऊन मीही येथेच आलो व येथलाच झालो.

वाचनालयाच्या इमारतीला रस्त्याकडे तोंड असलेला एक गाळा आहे. तो मार्चमध्ये रिकामा झाला आणि त्यासाठी दोन अर्ज आले. एक शालूबाईंचा. दुसरा सागरचा, तो मोबाइल दुरुस्त करतो आणि आमचे अध्यक्ष महादेवराव यांचा सख्खा भाचा आहे. महादेवराव मोठे शेतकरी, मनाने वाईट नाहीत. वाचनालयाची चार कपाटे त्यांनीच दिली. मात्र भाच्याला गाळा दिला तर गाव बोलेल आणि न दिला तर बहीण बोलेल, अशा पेचात ते होते. त्या पेचातून त्यांनी सभेत एक युक्ती काढली.

वाचनालयासमोर एक गोल पार आहे. त्यावरचा कडुलिंब आदल्या वर्षीच्या वादळात पडला, आणि संध्याकाळचे वर्तमानपत्र वाचणारे उघडे पडले. पारावर शंकूच्या आकाराचे कापडी छत करावे, असे ठरलेलेच होते. महादेवराव म्हणाले की, हे छत शालूबाईंनी शिवावे. दहा एप्रिलच्या वर्धापनदिनापर्यंत ते सुरकुती न पडता पारावरच्या लोखंडी कड्यावर बसले, तर गाळा त्यांचा. नाही बसले, तर सागरचा. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला पन्नास फूट घेराचे छत जमणार नाही, अशी त्यांची खात्री होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

शालूबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “हाव, जमते.”

छताचा नकाशा काढण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. छत्तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर अशी संधी वारंवार मिळत नाही, त्यामुळे मी ते उत्साहाने केले हे मान्य करतो. गोकुळ वेल्डरने आठ फूट त्रिज्येचे लोखंडी कडे आठ खांबांवर बसवून ठेवले होते आणि मधला खांब कड्याच्या पातळीपेक्षा सहा फूट वर काढला होता. सहा आणि आठ. म्हणजे शेंड्यापासून कड्यापर्यंतचे कापड बरोबर दहा फूट. आयुष्यभर फळ्यावर काढलेला त्रिकोण प्रत्यक्ष लोखंडात उभा पाहून मला फार बरे वाटले.

असे छत एकाच कापडातून निघत नाही. त्याच्या कळ्या कापाव्या लागतात; वर टोकदार, खाली रुंद. मी सोळा कळ्या ठरवल्या आणि प्रत्येक कळीच्या टोकाचा कोन काढला. तो अठरा अंश आला. सुबक, पूर्णांकी उत्तर. नकाशावर मी तो लाल शाईने लिहिला, खाली तारीख घातली आणि स्वाक्षरी केली. शिवाय निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला भेट दिलेला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी शालूबाईंच्या व्हरांड्यात नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारले की, यातली आतली ओळ वाचायची की बाहेरची.

मी खूण करून दिली. मग त्यांनी कापड पसरले, खडू घेतला आणि मान वर न करता विचारले, “सर, माया किती ठेवू?”

येथे मला थोडे थांबून लिहिले पाहिजे. त्या आठवड्यात गावात एक कुजबुज होती. चिटणीस आपल्या जुन्या विद्यार्थिनीला आतून मदत करतात, असे सागरच्या दुकानात बोलले जात होते. ते माझ्या कानावर आले होते आणि मनाला लागले होते. त्यामुळे तो प्रश्न मला वेगळाच ऐकू आला. मी ताठ होऊन म्हणालो, “माया मुळीच ठेवायची नाही, शालू. सगळे बघत आहेत. आकड्याबरहुकूम काप. एक रेघही इकडेतिकडे नको.”

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. पुन्हा नकाशाकडे पाहिले. मग ‘सरांनी आधीच धरलं असंल’ असे काहीसे पुटपुटल्या आणि कापायला बसल्या. एक कळी कोनमापकाने आखली. तिच्यावरून उरलेल्या पंधरा.

सात एप्रिलला सकाळी छत चढवले. गोकुळ शिडीवर, शालूबाईंचे पती उकंडराव मधल्या खांबाशी, आणि मी खाली नकाशा धरून. शेंडा बसला. कापड खाली सोडले, आणि ते कड्यापर्यंत पोहोचलेच नाही. सगळीकडून सारखेच, पाच-सहा इंच आत राहिले. ओढून पाहिले, शिवण ताणली, पण कडे काही मिळेना. उकंडराव भाजीचा मळा करतात आणि त्यांचे बोलणे मिरचीसारखेच असते. ते खांबाला धरून वर पाहत म्हणाले, “सर, ही त लेकराची टोपी बापाच्या डोक्स्यावर ठेवल्यावानी झाली.”

गोकुळ शिडीवरच हसू लागला. नेमके त्याच वेळी महादेवराव मोटारसायकलवरून चालले होते. ते थांबले, एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी सगळे नीट पाहून घेतले. तीन दिवस आहेत अजून, एवढेच सौम्यपणे म्हणाले आणि निघून गेले. तो सौम्यपणा मला टोमण्यापेक्षा अधिक झोंबला.

कापड खाली उतरवले. मी नकाशा तपासला, एकदा, दोनदा. अठरा अंश, सोळा कळ्या, दोनशे अठ्ठ्याऐंशी अंश. आकडेमोड निर्दोष होती. दरम्यान शालूबाई पारावर बसल्या, एक कळी मांडीवर घेतली, तिच्या टोकावर कोपर ठेवले आणि मधल्या बोटाच्या शेवटापर्यंत एक हात लांबी धरली. तेथे कळीची रुंदी त्यांनी बोटे लावून मोजली. मग दुसरी कळी. मग तिसरी.

“हाताला सातच बोटं भरून राह्यले, सर,” त्या म्हणाल्या. “साडेसात पाह्यजेत.”

मी विचारले की, साडेसात हा आकडा कोठून आला. नकाशात तो नाही.

“नकाशात नाही, घेरात हाये. आई शिकवून गेली.” त्यांच्या आई मंजुळाबाई सोनाळ्याला घागरे आणि परकर शिवीत असत, शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. “एक हात दोरी घ्यायची, तिनं गोल काढायचा, तं त्या गोलावर दीडशे बोटं बसतात, वर पाऊण. तो पुरा घेर. अर्ध्या घेराले पंच्याहत्तर. आपलं कडं आठाचं अन् कापड दहाचं, म्हून एकशेवीस. सोळा कळ्या. कळीले साडेसात. जरासं नखभर वर.”

एवढे बोलून त्यांनी तोंडात टाचणी धरली, जणू काही विशेष सांगितलेच नव्हते.

मी नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंतच्या एका हातात चोवीस बोटांची रुंदी बसते. त्रिज्या चोवीस बोटे असेल, तर परीघ दीडशे बोटे आणि वर पाऊणहून किंचित अधिक. अठरा अंश म्हणजे रेडियनमध्ये शून्य पूर्णांक एकतीस शतांशांहून थोडे अधिक. त्याला चोवीसने गुणले. उत्तर आले साडेसात, आणि वर चार शतांश. नखभर.

त्या चार शतांशांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. अकरावीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो की, त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस वर्तुळाच्या केंद्राशी जो कोन करतो, तो एक रेडियन. आणि त्याचे माप सुमारे सत्तावन्न अंश सतरा मिनिटे पंचेचाळीस सेकंद. मुले विचारीत, अंश असताना हे दुसरे माप कशाला? मी सांगे, पुढच्या गणितात लागते. मुले गप्प बसत. माझ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले, असे मी समजत असे. वर्तुळाचे तीनशेसाठ भाग कोणीतरी फार पूर्वी पाडले आणि आपण ते स्वीकारले. पण किती लांब गेल्यावर किती रुंद होते, हे माप कोणी ठरवावे लागत नाही. ते वर्तुळातच असते. सोनाळ्याच्या एका बाईने ते आपल्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून काढले होते आणि परकराला लावले होते.

तरीही एक शंका राहिली. मी शालूबाईंना म्हणालो की, तुझे बोट बारीक, उकंडरावांचे जाड. मग हे माप सगळ्यांना सारखे कसे? त्या हसल्या. “माह्यं बोट अन् माह्याच हात, सर. त्यायचं बोट अन् त्यायचा हात. इकडचं बोट तिकडच्या हाताले लावलं तं बिघडते.”

रेडियनला स्वतःचे एकक का लागत नाही, यावर मी एकदा पाऊण तास व्याख्यान दिले होते. ते यापेक्षा स्पष्ट नव्हते.

मग प्रश्न उरला तो अर्ध्या बोटाचा. हाताला अर्धे बोट म्हणजे खाली कड्याशी दोनेक इंच. ते गेले कोठे? अर्धा भाग माझ्या कोनमापकाने खाल्ला होता. त्याची सरळ कड इतक्या वर्षांत फळ्यावर घासून एका बाजूने झिजली होती. त्यामुळे अठराच्या ठिकाणी साडेसतरा अंश आखले गेले. अर्धा अंश कागदावर दिसतही नाही, पण दहा फुटांवर तो एक इंच होतो. उरलेला एक इंच शालूबाईंनी दाखवला. त्यांनी शिवण उलटी केली आणि टिपेच्या पलीकडे दुमडलेली कापडाची पट्टी चिमटीत धरली. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच.

“ही माया, सर. शिलाईत जाते ती. मी इचारलं होतं तुमाले. तुमी म्हनलं, मुळीच नाही ठेवायची.”

उकंडराव खांबाला टेकून ऐकत होते. मी काय समजलो होतो, हे मला सांगावेच लागले. मग शालूबाईंना असे हसू आले की, तोंडातल्या टाचण्या त्यांना प्रथमच हातावर काढून ठेवाव्या लागल्या. हसता हसता त्या म्हणाल्या, “मले वाटलं, सरायचा हिशेब हाये, मायेसकट असंल.”

एका कळीत दोन इंच, सोळा कळ्यांत पावणेतीन फूट. पांढरे कापड शिल्लक नव्हते, आणि तीन दिवसांत नवे येणे शक्य नव्हते. मी म्हणालो की, मी अध्यक्षांकडे जाऊन मुदत मागतो. शालूबाईंनी नकार दिला. मुदत मागितली की गाळा गेला, हे त्यांना ठाऊक होते, मलाही होते. त्या घरात गेल्या आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पोशाखांतून उरलेले झेंडूच्या रंगाचे जाड कापड घेऊन आल्या. प्रत्येक शिवणीत एक निमुळती पट्टी बसवायची. वर टोकाशी काही नाही, खाली दोन इंच. त्यासाठी सोळाच्या सोळा शिवणी उसवाव्या लागणार होत्या.

उसवण्याचे काम मी मागून घेतले. एकशेसाठ फूट शिवण. माझ्यापाशी पेन्सिलीला टोक करण्याचे पाते होते, आणि घाई न करण्याची सवय होती. दोन दिवस मी त्या व्हरांड्यात बसून टाका टाका कापला. दुपारी दोनला यंत्राबरोबर पूर्वेच्या भिंतीशी गेलो आणि पाचला त्याच्याबरोबर परत आलो. एकोणीस वर्षे रोज असा प्रवास करणाऱ्या बाईला गाळा कशासाठी हवा आहे, हे मला अर्ज वाचून कळले नव्हते. तेथे बसून कळले. उकंडराव चहा आणून देत आणि माझ्या उसवणीची तारीफ करीत, की सर, तुमाले पुढच्या हंगामात कामाले ठेवतो. शालूबाईंनी पट्ट्या आपल्या बोटांनी मापून कापल्या. प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी माया ठेवली, आणि ती ठेवताना दर वेळी माझ्याकडे पाहिले.

दहा एप्रिलला सकाळी आठ वाजता छत कड्यावर बसले. ढोलाचे कातडे बसावे तसे. पांढऱ्या कापडात शेंड्यापासून उतरणारे सोळा केशरी किरण, आणि खाली पारावर त्यांची फिकट सावली. गोकुळने शेवटची दोरी बांधली आणि शिडीवरून न उतरता म्हणाला की, माझं कडं बरोबर होतं हे लिहून ठेवा.

कार्यकारिणीची सभा त्याच छताखाली भरली. महादेवराव बसण्यापूर्वी पाराभोवती तीन फेऱ्या मारून आले. सुरकुती शोधत होते. तिसऱ्या फेरीत त्यांना एक सापडली. ती मी बांधलेल्या दोरीच्या गाठीमुळे पडली होती. गोकुळने गाठ सोडून पुन्हा बांधली आणि सुरकुती गेली. तेव्हा महादेवराव खुर्चीवर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले की, छत सुंदर आहे, यात वाद नाही. “पन पहिल्या बारीले बसलं नव्हतं. मी माह्या डोयानं पाह्यलं. अन् हे पट्टे नकाशात होते का, मास्तर?”

सागर मागे उभा होता. शालूबाई समोर वाचनालयाच्या दारातच, पहिल्या दिवशी होत्या तेथेच. त्या काही बोलणार नाहीत, हे मी ओळखले. चूक सरांची आहे असे त्यांनी सांगितले असते, तर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि त्यांना ते सांगायचेही नव्हते.

मी उभा राहिलो आणि नकाशा सर्वांसमोर धरला. पट्टे नकाशात नव्हते, असे सांगितले. पहिली कापणी शालूबाईंनी माझ्या आकड्यांप्रमाणे तंतोतंत केली, म्हणूनच ती चुकली. मी दिलेला कोनमापक झिजलेला होता. शिवाय शिवणकामातील माया म्हणजे काय, हे मला सत्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, आणि मी ती ठेवू नको म्हणून लेखी नव्हे, पण तोंडी आदेश दिला होता. दुसरी कापणी त्यांच्या स्वतःच्या मापाने झाली, आणि ती आपल्या डोक्यावर आहे.

महादेवरावांनी वर पाहिले. “म्हंजे मास्तर, पेपर तुमचा चुकला अन् नापास ही होऊन राह्यली होती?”

“होय,” मी म्हणालो. “आणि हे पहिल्यांदाच झाले असे नाही.”

दारातून शालूबाईंनी माझ्याकडे झटकन पाहिले. ते वाक्य कशाबद्दल होते, हे त्या सभेत फक्त दोघांना कळले.

महादेवराव मागे वळून भाच्याला म्हणाले की, काऊन रे सागर, तुह्या दुकानात ऊन येते का? सागर नाही म्हणाला. ते म्हणाले, मग बस तिथंच. ठराव क्रमांक चार एकमताने संमत झाला. मी तो तेथेच लिहिला, आणि त्याखाली, कोणी न सांगता, नकाशातील दोषाची नोंद चिटणिसाच्या नावासह केली.

आता गाळ्यात शालूबाईंचे यंत्र एका जागी उभे असते. भिंतीवर माझा लाकडी कोनमापक खिळ्याला टांगला आहे. त्याच्या झिजलेल्या कडेवर त्या दोऱ्याची रिळे अडकवतात. पाटीवर ‘शालूबाई टेलर्स’ असे लिहून घेतले, तरी गाव अजून ब्लाउजवालीच म्हणते.

गेल्या महिन्यात मी कुर्त्याचे कापड घेऊन गेलो. त्यांनी छाती, खांदा, बाही मोजली, वहीत आकडे उतरवले आणि मान वर न करता विचारले, “सर, माया किती ठेवू?”

मी म्हणालो, “भरपूर ठेव.”

“कुर्त्याले अर्धा इंच पुरते,” त्या म्हणाल्या, आणि कापायला लागल्या.